पंचवीस पावलांचा बोळ

आमच्या गावात चर्चच्या सणाला वाजवणारे बँड दोन, दोघांचे क्लब वेगळे. आमचा लाल, त्यांचा हिरवा. माल्टात यावरून सोयरिकी मोडतात. मी, साल्वू, लालांचा तीस वर्षं सेक्रेटरी, आणि माझी सख्खी बहीण चेन्सा पळून जाऊन हिरव्यांच्या घरात पडली! बापाने वर्षभर तोंड पाहिलं नाही तिचं.

पण पडली ती घराच्या पाठीलाच. मधे एक बोळ, पंचवीस पावलांचा. रोज अकराला चेन्सा झाकलेलं पातेलं घेऊन यायची, शुक्रवारी मासळीचं सूप. मी बिनलग्नाचा. तिच्या हाताचं नसतं तर केव्हाच आटोपलो असतो.

याच बोळातून दर ऑगस्टला, सणाच्या दिवशी, हिरव्यांचा बँड चर्चकडे जायचा आणि नेमका माझ्या खिडकीखाली थांबून, मला चिडवायला, तेच ते कवन दोनदा वाजवायचा. तीस वर्षं मी खिडकी आपटून बंद केली.

मग मागची सगळी शेतं बिल्डरने घेतली. फ्लॅटच्या आवारासाठी त्याला बोळ हवा होता, आणि बोळ बापाने माझ्या नावावर केलेला. मला तर घबाडच मिळालं. नोटरीसमोर मी म्हटलं, "देतो. पण एक कलम घाला. इथून कसलीही मिरवणूक, कोणाचीही, कधीही जाणार नाही."

चेन्सा धावत आली. "साल्वू, सही करू नको रे. ती माझी वाट आहे."

"तू बाहेरच्या रस्त्याने ये की."

"आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतोस, मेल्या!"

मी सही केली. क्लबात त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. जिरवली म्हणे हिरव्यांची.

बोळाच्या दोन्ही तोंडांना लोखंडी फाटकं लागली. मागे चार नव्या गल्ल्या झाल्या आणि चारही भिंतीला टेकून संपतात. एकीतून दुसरीत जायचं तरी आधी मोठ्या रस्त्याला लागायचं. चेन्साचं घर माझ्या गच्चीवरून दिसतं, तिची वाळत घातलेली चादर दिसते, आणि जायचं तर दोन किलोमीटर, फुटपाथ नाही, अंगावरून ट्रक. एवढंसं बेट आमचं, आणि भावाला बहिणीकडे जायला बस बदलावी लागते! ती तिच्या दुखऱ्या गुडघ्यांनी दोनदा आली. दुसऱ्यांदा पातेलं रस्त्यातच सांडलं. मग नुसता फोन.

या वसंतात तिने अंथरूण धरलं. मी बसने गेलो. ती म्हणाली, "आईला खांद्यावरून बोळातून चर्चला नेलं होतं. मलाही तसंच ने. त्या मुडद्यांच्या मोटारीत घालून गावाबाहेरून फिरवू नका मला. शब्द दे."

"दिला," मी म्हटलं. तेव्हा मला ते कलम आठवलंसुद्धा नाही. खरंच सांगतो.

मंगळवारी ती गेली. बुधवारी मी फ्लॅटच्या मॅनेजरकडे. पोरगेलासा माणूस, मर्यादशील. त्याने आदराने खुर्ची दिली.

"काका, तुम्ही एकटे असता तर मीच कुलूप काढलं असतं. पण शवपेटी, पाद्री, मागे माणसं, पुढे बँड... म्हणजे मिरवणूकच झाली. रहिवासी कलमावर बोट ठेवतात. काल तुमचा फोन आला तेव्हाच सगळ्यांना विचारलं. नाही म्हणाले." त्याने कागद पुढे सरकवला. "आणि खरं सांगू? ज्याने लिहिलं त्याने विचार करूनच लिहिलं असणार."

"मी लिहिलं," मी म्हटलं.

त्याने पाणी आणून दिलं. मी हात जोडले त्याच्यापुढे. आयुष्यात हिरव्यांपुढे जोडले नाहीत, ते त्या पोरापुढे जोडले. त्याला रडू यायचं बाकी होतं, पण कुलूप निघालं नाही.

रात्री मी भाच्याला, डुमिंकूला, फोन करून सगळं सांगितलं. तो नुसतं "हं" म्हणाला.

गुरुवारी मी चेन्साच्या घरी गेलो नाही. तोंड कुठलं होतं मला? माझ्या बाजूच्या फाटकाशी गज धरून उभा राहिलो. पलीकडच्या गजांतून तिचं दार दिसत होतं. हिरव्यांनी पेटी बाहेर आणली आणि खांद्यावर घेतली. बँड उभा होता. त्यांनी तेच कवन वाजवलं, माझ्या खिडकीखालचं, पण हळू. मी ते पहिल्यांदाच पूर्ण ऐकलं.

चौघे पेटी घेऊन त्यांच्या बाजूच्या फाटकापर्यंत आले. मधे पंचवीस पावलं. डुमिंकूने गजांतून माझ्याकडे पाहिलं.

"मामा," तो म्हणाला, "जिंकलात तुम्ही."

मग ते वळले आणि तिला मोटारीत ठेवलं.