पाशाची अंडी

मी पाशाला घरी आणलं त्या दिवशी बाबांनी पायातली चप्पल काढून हातात घेतली होती.

"बाहेर फेक ते! पालीने मिठाला तोंड लावलं तर सगळ्या घराला कोड फुटतं."

"बाबा, हा जमिनीवरचा गेको आहे, भिंतीवरची पाल नाही. ह्याला भिंत चढताच येत नाही. आणि हा पापण्या मिटतो, बघा तर."

बाबा वाकले. पाशाने ठिपक्याठिपक्यांचा पिवळा चेहरा वर केला आणि सावकाश एक डोळा मिटला.

"डोळा मारतोय मला! निर्लज्ज कुठला," बाबा म्हणाले. पण चप्पल खाली गेली.

आई गेल्यापासून दुम्यात शहरातल्या आमच्या घरात आम्ही दोघंच. मी रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला. बाबांनी चाळीस वर्षं सोफ्यांच्या लाकडावर वेलबुट्ट्या कोरल्या. आता हात थरथरतो म्हणून ते गच्चीवर कबुतरं सांभाळतात. पाशाच्या काचपेटीकडे ते फिरकत नसत. जाता-येता नुसतं विचारत, "तुझा पाशा मेला का गं?"

वसंतात एके दिवशी पाशाने खाणं सोडलं. पिठातल्या किड्यांच्या अळ्या समोर वळवळत होत्या आणि हा त्यांच्याकडे ढुंकून बघेना. नुसता कोपरे उकरत बसायचा. चार दिवस असेच गेले. मी त्याला तळहातावर घेतलं आणि उजेडात वर धरलं. पोटाच्या पातळ कातडीतून दोन लांबट, फिकट गोळे स्पष्ट दिसत होते, डावीकडे एक, उजवीकडे एक. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

इस्कंदरियाच्या ज्या दुकानातून त्याला आणलं होतं, त्या दुकानदाराला, करमला, मी फोन लावला.

"नर आहे म्हणून शपथ घेतली होतीस ना रे?"

"नरच आहे, ताई."

"त्याच्या पोटात दोन अंडी आहेत."

मग तो म्हणाला, "असं होय? मग मादी असेल."

"पण दोन महिने एकटीच आहे इथे!"

"त्याने काय होतंय! नराचं बीज त्या महिनोन् महिने पोटात जपतात. ताई, वेळ घालवू नका. ओलसर जागा मिळाली नाही तर अंडी आतच अडकतील."

मी पळतच स्वयंपाकघरात गेले. पांढऱ्या चीजचा मोठा डबा रिकामा केला, धुतला, झाकणाला भोक पाडलं, आत नारळाचा ओला भुसा भरला. अळ्यांना कॅल्शियमची पूड चोळली, एक वाटीभर नुसती पूडही ठेवली. पाशाने भोकातून डोकं घातलं, वास घेतला आणि आत शिरली. मग दिवसभर नुसती खरखर! मागच्या पायांनी भुसा असा उडवत होती की झाकणावर टपटप आवाज येत होता. मी लॅबमध्ये सुट्टी टाकली. कारण विचारलं तर "घरात बाळंतपण आहे" म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर आली. पोट खपाटीला गेलेलं, नाकावर भुसा. मी चमच्याने हलक्या हाताने उकरलं. दोन अंडी! मऊ, ओल्या चामड्यासारखी.

"बाबा! बाबा, खाली या!"

बाबा हातात दाणे घेऊनच उतरले. अंडी बघितली आणि माणूस पार बदलला. "सरक. हे माझं काम आहे." त्यांनी फोनचा उजेड अंड्यालगत धरला आणि श्वास रोखला. आत गुलाबी रेघांचं छोटं कडं होतं.

"जीव आहे गं यात! दोन्हीत!" मग अंडं उचलायला त्यांचा हात पुढे गेला.

"फिरवू नका!" मी ओरडले. "जसं पडलंय तसंच ठेवायचं. उलटलं तर आतलं पिल्लू मरतं."

"मला शिकवतेस? कबुतरीण रोज फिरवते."

"ही कबुतरीण नाही, बाबा!"

मी पेन्सिलीने दोन्हींच्या माथ्यावर फुली मारली. रोपवाटिकेतले पांढरे हलके खडे भिजवून एका डबीत भरले आणि अंडी त्यात अर्धी रोवली. बाबांनी दुपारभर बसून उरलेल्या फळ्यांची पेटी केली, आत बल्ब लावला. मी लॅबमधला जुना तापमापक आणला. अठ्ठावीस अंश. आम्ही दोघं त्या पाऱ्याकडे फुटबॉलचा सामना बघावा तसे बघत बसलो.

बाराव्या दिवशी एका अंड्यावरची फुली दिसेना.

"बाबा?"

ते खिडकीबाहेर बघायला लागले. "रोज सकाळी एकदाच फिरवलं. बिचारं एका कुशीवर पडून असतं."

"दोन्ही?"

"एकच. दुसरं रुतलं होतं, निघेना."

मी बोलायचं ते बोलले, नको तेही बोलले. बाबा गच्चीवर गेले ते जेवायलासुद्धा आले नाहीत. शेवटी मीच चहा घेऊन वर गेले. "मी मारलं त्याला," एवढंच बाबा म्हणाले. आठवड्याभरात ते अंडं पिवळं पडलं, त्याच्यावर बुरशी धरली. बाबांनी ते स्वतः काढलं आणि गच्चीतल्या सब्जाच्या कुंडीत पुरलं. त्यानंतर पेटीत डोकावताना ते दोन्ही हात पाठीमागे धरायचे.

एकावन्नाव्या दिवशी मी लॅबमध्ये असताना फोन वाजला.

"नजवान! अंड्याला घाम फुटलाय! थेंब आलेत अंगावर, आणि एका बाजूने बसलंय. हे पण गेलं का गं?"

"गेलं नाही, बाबा, येतंय! हात लावू नका!"

"माझे हात पाठीमागेच आहेत! फोन मांडीवर ठेवलाय! अगं, चीर पडली! नाक... नाक आलं बाहेर! ये लवकर, ये!"

मी पांढऱ्या कोटातच धावत सुटले. पूल ओलांडला, मिठाईवाल्यांच्या गर्दीतून वाट काढली, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढले. पिल्लू निम्मं बाहेर होतं. अंगावर काळे-पिवळे पट्टे, जणू आत्ताच रंगवलेत. बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले, डोळे भरलेले.

पिल्लाने एक जोर लावला आणि अख्खं बाहेर पडलं. आम्हाला बघितलं, चारही पायांवर ताठ उभं राहिलं आणि तोंड फाडून चिरक्या आवाजात ओरडलं. बोटाएवढा जीव, पण आवाज असा की बाबा मागे कलंडले.

"बापरे! रागावलंय माझ्यावर!" आणि मग ते हसत सुटले, इतके की खोकला लागला.

तीन दिवस पिल्लाने काही खाल्लं नाही. चौथ्या दिवशी अंगावरची पहिली कात काढली, गिळून टाकली, आणि बाबांनी सोडलेल्या इवल्याशा रातकिड्यावर शेपूट थरथरवत झेप घेतली.

"पकडला! नजवान, पकडला!" बाबा ओरडत जिन्यात गेले, शेजाऱ्यांना सांगायला.