वाळूने घासलेला प्लॅक

मी प्लॅक बोलतोय. स्कॉटलंडच्या राजाचं नाणं मी, पण गरिबाघरचं. टांकसाळीत मला ओतलं तेव्हा चांदी घातली चिमूटभर आणि तांबं भरपूर. मग आंबट पाण्यात उकळून अंगावर चांदीचा पांढरा मुलामा आणला आणि वर मुकुट ठोकला. लढायांना पैसा लागतो, तो असा निघतो.

एडिंबराच्या गल्ल्यांतून बरीच वर्षं फिरलो. शेवटी गॅव्हिन टेनंटच्या घरी मडक्यात पडलो. गॅव्हिन पितळेची भांडी ओतायचा. बायको एल्स्पेट ती वाळूने घासून लख्ख करायची. मडक्यात माझ्यासारखे चाळीसेक होते. सगळी पुंजी तेवढीच.

एके दिवशी बाजारचौकात दवंडी पिटली. खोटे प्लॅक फार झालेत, सगळे तपासायला आणा. खऱ्यांवर हृदय आणि चांदणीचा छाप बसेल. खोटे पाडणाऱ्याला फाशी.

"असले कळकट नेऊ होय साहेबांपुढे?" म्हणत एल्स्पेटने आम्हाला ओढ्यावर नेलं आणि ओल्या वाळूने भांड्यांसारखं घासघास घासलं. मुलामा पार गेला. आतलं तांबं उघडं पडून आम्ही लालबुंद झालो. तिला वाटलं, काय झळकतायत!

चौकात नाणी तपासायला बसलेल्या पारख्याने मला उजेडात धरलं.

"नवरा काय करतो, बाई?"

"भांडी ओततो, साहेब."

"अस्सं! भट्टी घरचीच की." तो हसला. मला त्या हसण्याची भीती वाटली.

गॅव्हिनला धरून आणलं. एल्स्पेट रडत म्हणाली, "साहेब, मीच घासले हो! चांगले दिसावेत म्हणून."

"म्हणजे राजाची चांदी खरवडलीस? त्यालाही दोरच आहे. कोण चढणार, तुम्हीच ठरवा."

गॅव्हिनने तिच्या सोललेल्या बोटांकडे पाहिलं.

"हिला काय कळतंय, साहेब? बरळतेय. मीच पाडले ते."

"गॅव्हिन! अरे वेड्या, काय बोलतोस?"

"गप गं. घरी जा. चुलीवरची लापशी करपली असेल."

तांबं घातलं राजाच्या टांकसाळीने आणि फास याच्या गळ्यात! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझा संताप होतो, पण ऐकणार कोण?

मला कातरून दोन तुकडे केलेत. पुरावा म्हणून न्यायाधीशाच्या मेजावर पडलोय. बाहेर सुतार फाशीची तुळई ठोकतायत. वाचकहो, कुणी न्यायाधीशाकडे जात असाल तर एवढंच सांगा, हा प्लॅक राजाचाच आहे. फक्त उद्या दुपारच्या आत सांगा.