पेलेल एवढाच बोजा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. देवगडजवळच्या एका घरात, आंब्याच्या खोलीत, रिकाम्या पेट्यांशेजारी पडून असतो. फार थकलो आहे, म्हणून थोडक्यातच सांगतो.

१९९९ साली मी इथे आलो. घराचे आणि आंब्याच्या बागेचे मालक भाई; त्यांचा मुलगा सुशांत माझ्यावर शिकला आणि नोकरीसाठी मुंबईला गेला. पुढे कित्येक वर्षे मी कापडी झाकणाखाली बसून होतो. भाईंची बहीण काशीबाई ते झाकण रोज झटकायची, एवढीच माझी विचारपूस.

२००८ साली घरात फोनच्या वायरीतून इंटरनेट आले. भाई दरवर्षी बाग मोहोरावरच व्यापाऱ्याला देऊन टाकत. त्यांची धाकटी मुलगी योगिनी हटून बसली की यंदा आंबा आपणच गिऱ्हाइकांना पाठवायचा. कोणत्या दिवशी किती पेट्या निघणार, ते सांगणारे पान माझ्यातून मुंबईला दिसणार होते. भाईंनी एकाच हंगामाची मुभा दिली. नाही जमले तर बाग पुन्हा व्यापाऱ्याकडे.

कोणी पान मागितले की ते काढून देणाऱ्या प्रोग्रॅमला वेब सर्व्हर म्हणतात. योगिनीने मोठ्या कंपन्यांत चालतो तसला भारी सर्व्हर माझ्यावर चढवला. माझी मेमरी ती केवढी! दोन गिऱ्हाइके एकदम आली की मला धाप लागायची. सुशांतचा मुंबईहून फोन आला, "पान उघडनाच नाय!"

भाई वैतागले. "ह्येच्यान जमाचा नाय. भंगारात घाल ह्येका."

"बाबा, जड बोजो मीच घातलंय. हलको घालून बघतंय," योगिनी म्हणाली.

तिने बरेच सर्व्हर घालून पाहिले. एक मेमरी कमी खाई, पण मध्येच झोपून जाई. शेवटी तिने एक छोटासा निवडला. त्याला साधी पाने देण्यापलीकडे काही येत नव्हते, आणि आम्हाला तरी दुसरे काय हवे होते? पान पटकन उघडू लागले, पेट्यांच्या मागणीसाठी घरचा फोन वाजू लागला. भाई चहाचा कप घेऊन माझ्यापुढे बसू लागले. मला उसंत नव्हती, पण बरे वाटायचे.

मे सरता सरता एका दुपारी गडगडू लागले. आमच्याकडे गडगडले की घरातले सगळे प्लग काढतात. काशीबाईने धावत येऊन माझाही काढला. फोनची वायर मात्र तशीच राहिली, आणि वीज तिच्यातूनच आली. मोडेम जळाला, माझे नेटवर्क कार्डही गेले.

"वायर माझ्याकडसून रवली गो!" काशीबाई रडू लागली. योगिनी भाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"रडतंस कित्याक?" भाई म्हणाले. "बाग आता कोणाक देवची नाय. नवीन मशीन हाडूया."

ज्यासाठी राबलो ते साधले, आणि माझी गरजही तिथेच संपली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

मित्रांनो, जुन्यावर त्याला पेलेल एवढाच बोजा घाला, तेवढा तो नेईल. आणि गडगडले की फोनची वायरही काढा.

अजूनही गडगडले की काशीबाई आधी या खोलीत धावत येते. माझ्यामागे हात घालून चाचपत राहते. तिथे आता एकही वायर नाही.