बारा सेकंदांचा आवाज

केसर ऑगस्टात गेली. मलेरिया मेंदूत चढला. चंद्रपूरच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिचं बोलणं बंद झालं होतं. जानेवारी लागला तसा देवरावला तिचा आवाज आठवेनासा झाला. चेहरा भिंतीवर होता, बाबासाहेबांच्या फोटोच्या बाजूला. आवाज कुठंच नव्हता.

लग्नाच्या शूटिंगमध्ये अर्धं आयुष्य घातलेल्या माणसाच्या घरी बायकोचा आवाज नसावा, हे कोणाला खरं वाटणार नाही. पण धंदाच तसा. सिंदेवाहीत देवरावचं नाव होतं ते गाण्यांमुळे. लोकांचं बोलणं, रडणं, चिडवणं तो सगळं काढून टाकायचा आणि वर गाणं चढवायचा. स्वतःच्या मुलीच्या, हर्षाच्या लग्नातही त्यानं तेच केलं. मूळ कॅसेट पुढच्या लग्नाला वापरून टाकली. केसर तर कॅमेऱ्यासमोर यायचीच नाही. लाइट धरून बाजूला उभी राहायची.

उरला होता तो एकच आवाज, आणि तोही गुणवंतरावच्या घरी.

गुणवंतराव जुना पटशौकीन. एके काळी त्याची बैलजोडी शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, पळायची. गावातला पट बंद पडला तेव्हा त्याच बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांमध्ये, त्यानं जीपची रेस सुरू केली. धान कापून झालं की बांध्या मोकळ्या होतात. त्यांच्यातून, नाल्यातून, शेवटी कोरड्या बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवरून जुन्या जीपा पळवायच्या. पाळीवरून जीप हवेत उडते, ते पाहायला लोक पार सावली तालुक्यापासून यायचे.

गेल्या वर्षीच्या रेसला देवरावनं नवा एचडी कॅमेरा नेला होता, स्लो मोशनवाला. त्याची एक खोड होती. बटण दाबलं की तो तीन सेकंदांचं चित्र पकडायचा आणि ताणून बारा सेकंदांचं करून कॅसेटवर उतरवायचा. आवाज मात्र त्या तीन सेकंदांचा नसायचा. चित्र उतरत असताना आजूबाजूला जे बोललं जाईल, तेच त्या चित्राला चिकटायचं.

केसर तेव्हा कॅमेऱ्यावर छत्री धरून उभी होती. मिथुन मिस्त्रीची जीप उडाली, देवरावनं बटण दाबलं, आणि चित्र उतरत असताना ती म्हणाली, "हर्षाचे बाबा, गाडी उडली तं तुमचं तोंड काऊन उघडं पडलं? धूळ जाईन ना पोटात!" मग हसली. शब्द देवरावला पाठ होते. पण ते आता त्याच्या डोक्यात त्याच्याच आवाजात वाजायचे. वाटलेल्या सीडीवर गाणं होतं, त्यानंच चढवलेलं. मूळ कॅसेट गिऱ्हाइकाची, या रिवाजानं ती गुणवंतरावकडे गेली होती.

हिंमत करून तो एक दिवस गेला.

"गुणवंतभाऊ, गेल्या सालची जंपची कॅसेट पाहिजे होती."

"कायले? सीडी तं तूच बनवली ना."

"सीडीत गाणं हाय. मले केसरचा आवाज पाहिजे."

गुणवंतराव पान चघळता चघळता थांबला. "केसरबाईचा? मंग घे ना बापा, माह्या काय कामाची ते! पण आज घरची माहेरी गेली, कपाटाची चाबी तिच्यापाशी. रविवारी रेस हाय. शूटिंगले येशील ना? तू तं घरातून निघतच नाई म्हणते लोकं."

"मन लागत नाई, भाऊ."

"मिथुनच्या जीपीत बसवतो तुले. मन काय, दात बी जाग्यावर राह्यणार नाई!" तो स्वतःच हसला, मग ओशाळला. "ये तू. संध्याकाळी कॅसेट घेऊन जाय."

रविवारी देवराव बोडीच्या पाळीखाली कॅमेरा लावून उभा राहिला. गुणवंतरावचं सगळं वरकाम पाहणारा लटारू एक थैली घेऊन आला. "भाऊनं जुन्या कॅसेटा देल्ल्या. नवीन लावू नको म्हणे, याच्यावरच कर."

"जंपची तं नाई ना याच्यात?"

"ते कपाटात हाय ना. ह्या पेटीतल्या. बारशाच्या, वाढदिवसाच्या. कोण पाह्यते आता?"

लेबलं सोललेली होती, नुसता डिंक उरला होता. वरची कॅसेट देवरावनं घेतली. तिची बारकी पट्टी बंद बाजूला होती. काम मनासारखं झालं की तो स्वतः पट्टी अशी बंद करायचा, म्हणजे चुकून वर काही भरलं जात नाही. आणि जुनी कॅसेट वापरायची असली की नखानं पट्टी उलटी सरकवायचा. दोन्ही त्याच्याच बोटांच्या सवयी. कॅसेट आधी चालवून पाहायची सवय मात्र केसरची होती. ती पाहायची, मगच त्याच्या हातात द्यायची.

"देवराव, झेंडी पाडू का?" तिकडून गुणवंतराव ओरडला.

देवरावनं नखानं पट्टी सरकवली आणि कॅसेट आत टाकली.

जीपा सुटल्या. धसकटं उडवत, बांध ओलांडत नाल्यात उतरल्या. मिथुनची जीप पाळीवर चढली आणि सुटी झाली. देवरावनं बटण दाबलं. जंप पकडली, पण ऊन थेट काचेवर येत होतं. तो काहीतरी बोलला. काय बोलला, ते तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही.

रेस संपली तेव्हा कॅसेट शेवटापर्यंत भरली होती.

दिवेलागणीला गुणवंतरावनं कपाट उघडलं. साड्या, टॉर्च, बैलांच्या झुली निघाल्या. कॅसेट निघाली नाही. त्यानं बायकोला हाक मारली.

"त्या डब्ब्या होय?" ती चुलीपासूनच म्हणाली. "दिवाळीत कपाट झाडलं तवा पेटीत टाकल्या मी. चिकट कागदं बी काढून टाकले, मुंग्या लागून राह्यल्या होत्या."

लटारूनं थैली पाठीमागे धरली. मग देवरावच्या तोंडाकडे पाहून खाली ठेवली. देवरावनं एकेक कॅसेट कॅमेऱ्यात घालून पुढं-मागं पळवून पाहिली. बारसं. वाढदिवस. गुणवंतरावच्या आईची तेरवी. राहिली एकच, आज भरलेली.

"नसन बी तेच," गुणवंतराव म्हणाला. "कोणी मांगून नेली असन."

"पट्टी बंद होती भाऊ. मीच केली होती."

गुणवंतरावला यातलं काही कळलं नाही. समजूत घालायची म्हणून म्हणाला, "आजची जंप तं लाव. गेल्या सालापेक्षा झकास झाली, साऱ्यायनं पाह्यली."

देवरावनं लावली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर मिथुनची जीप पाळीवरून सावकाश वर उठली. मातीची ढेकळं हवेत तरंगली, चाकं रिकामी फिरली. आणि त्यावर देवरावचा आवाज आला, रोजचा, थोडा वैतागलेला.

"केसर, छत्री जराशी इकडं धर ना."

पुढं नुसता वारा होता. जीप खाली यायला फार वेळ लागला. कोणी छत्री धरली नाही, कोणी काही बोललं नाही. चाकं मातीला टेकली आणि चित्र संपलं.

लटारू बाहेर निघून गेला. गुणवंतरावची बायको पदर तोंडाला लावून दारात उभी होती. गुणवंतराव म्हणाला, "हे असं नको ठेवू, देवराव. सीडी साऱ्या गावात जाते. याच्यावर गाणं टाकजो."

देवरावनं कॅसेट बाहेर काढली. सवयीनं नख पट्टीवर गेलं. मग त्यानं बोट काढून घेतलं आणि पट्टी उघडीच ठेवली.

"कोणतं टाकू, भाऊ?" त्यानं विचारलं.