आतोबा खांबावर, शिडी माझ्याकडं

मशीनवाल्यानं गव्हाच्या तोंडाशी कापणीचं मशीन आणून उभं केलं, वर बघितलं आणि खाली उतरला.

"मी नाय घालत आत."

"का?" बाबा म्हणाले.

"का म्हणजे? ती तार बघा. वाळत घातलेल्या धोतरासारखी लोंबतीय. माझ्या मशीनचं टोक लागलं की मी तिथंच भाजून निघणार. तार वर घ्या, मग हाक मारा. दुपारपर्यंत थांबतो, मग दुसरीकडं जाणार. लोक रांगेत आहेत."

आणि गडी खरंच डोळ्यावर टॉवेल घेऊन बांधावर आडवा झाला.

आमचा गहू असा वाळलेला की हात लावला तरी खडखड वाजायचा. आभाळ एका बाजूनं काळं पडायला लागलेलं. पाऊस आला तर गहू आडवा, वारा आला तर तारा एकमेकींवर आपटून ठिणगी आणि गहू भस्म. मी म्हणलं, "बाबा, आतोबांना बोलवा. आणि या वेळी जरा खडसावून बोला."

"ते जावई आहेत घरचे," बाबा म्हणाले आणि हळू आवाजात फोन लावला.

हेच तर सगळं दुखणं. गावचा वायरमन म्हणजे माझ्या आत्याचा नवरा. बाबा त्यांना 'हो दाजी, खरंय दाजी' याच्यापुढं कधी गेलेच नाहीत. आमच्या बांधावरचा हा लोखंडी खांब ठेकेदाराच्या माणसांनी पुरला, तेव्हा खाली दगड लागला म्हणून गुडघाभर खड्ड्यातच उभा केला आणि वरनं माती लोटली. आतोबा तिथंच सावलीला बसून 'झकास, झकास' म्हणत होते. खांब महिन्याभरात कलला. तारा लोंबल्या. आतोबांनी इलाज काय केला? दोन तारांच्या मधे बांबूची काठी, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंधीनं बांधून. आमची म्हैस त्या खांबाला पाठ घासायची, तेव्हा सगळ्या गावाचे दिवे लुकलुकायचे. पिठाच्या गिरणीवाला तर दळण थांबवून ओरडायचा, "अरे, म्हैस बांधा रे कोणीतरी!"

तर आतोबा आले. हातात पक्कड नाही, रंगाचा डबा!

"आज साहेब तपासणीला येतायत," ते म्हणाले. "खांब चकाचक दिसला पाहिजे."

"आतोबा, तार ओढायचीय. रंग काय करायचाय?"

"तू शाळा का सोडलीस ते कळतंय मला. मोठ्यांच्या मधे बोलतीस. पाव्हणं, आवरा हिला."

"गप गं," बाबा मला म्हणाले आणि आतोबांना म्हणाले, "खरंय दाजी."

माझं डोकं असं सणकलं! वाकडा खांब तसाच वाकडा, वरनं चंदेरी. नवऱ्या मुलीसारखा सजवला त्याला. मशीनवाला डोळ्यावरचा टॉवेल काढून म्हणाला, "दिसायला छान आहे हं. आता लग्न लावून टाका." आणि परत आडवा झाला.

तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, मान तिरकी करून खांबाकडं बघितलं. मान तिरकी केल्यामुळं खांब त्यांना सरळच दिसला असेल.

"रंगवलाय वाटतं," साहेब म्हणाले.

"आजच साहेब. लाइन एकदम मजबूत आहे," आतोबा म्हणाले. "हलवून बघा, हलायची नाही."

हे ऐकलं आणि मी सरळ गोठ्यात गेले. म्हशीचं दावं सोडलं. मला काही करावं लागलंच नाही, ती डुलत डुलत आपल्या रोजच्या जागी गेली, खांबाला पाठ टेकवली आणि डोळे मिटून लागली घासायला.

खांब हलला. काठीची चिंधी कधीचीच कुजलेली, ती तुटली. तारा एकमेकींवर चटाचट आपटल्या, निळाजांभळा फटाका उडाला आणि ठिणगी बांधावरच्या वाळल्या गवतात पडली.

ते मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. गवत पेटलं. गहू हातभर लांब! आई पोतं घेऊन धावली, मी चप्पल काढून बडवायला लागले, मशीनवाल्यानं टॉवेल भिजवून आपटला, साहेबांनी बूट आपटले. आग विझली, तेव्हा साहेबांच्या पँटचा एक पाय काळा, आतोबांचं तोंड पांढरं आणि म्हशीची पाठ चंदेरी.

"मजबूत?" साहेब म्हणाले. "मजबूत? एका म्हशीनं लाइन पाडली तुझी!" त्यांनी फोन लावून लाइन बंद करायला सांगितली. "आत्ताच्या आत्ता खांबाला ताण मार, सरळ कर. तार ओढ. आणि जास्तीची तार कापून नीट जोड मार. उद्या परत बघायला येतो."

जीप गेली. आतोबांनी निमूट खांबाला तारेचा ताण मारला, बाबा आणि मशीनवाला ओढू लागले, खांब सरळ झाला. मग आतोबा शिडी लावून वर चढले, खांबाच्या आडव्या पट्टीवर बसले आणि तार ओढली. आमच्या रानावरची तार अशी ताठ झाली की बघत राहावं. बाबांचा चेहरा उजळला. मशीनवाला मशीनकडं निघाला.

पण मी पलीकडं बघितलं. आमची तार वर गेली तेवढी पलीकडच्या चुलत्याच्या गव्हावर खाली आली होती! पायजम्याची नाडी एकीकडनं ओढावी तशी. कापली नाही, जोड नाही, नुसती पुढं ढकलली.

चुलत्याचा आणि बाबांचा बांधावरनं अबोला. तो त्याच्या रानात उभा राहून आमच्या म्हशीला म्हणाला, "सांग गं तुझ्या मालकाला, माझं रान काय चुलीत घालायला आहे का?"

बाबा म्हशीला म्हणाले, "सांग त्याला, तार सरकारची असते."

आतोबा वरनं हसले. "जाऊ द्या पाव्हणं. तुमचं झालं ना? त्याचं तो बघेल."

मी शिडी उचलली. जड होती, पण उचलली. आणि गव्हाच्या कडेला नेऊन आडवी टाकली.

"ए! ए पोरी! शिडी आण!"

"तार कापा, जोड मारा. मग आणते."

"पाव्हणं, बघा! पोरगी घरच्या जावयाला टांगून ठेवतीय!"

मशीनवाला थांबला. चुलता थांबला. सगळे बाबांकडं बघायला लागले. मला वाटलं, आता बसतंय कानाखाली. बाबा चालत माझ्याकडं आले. एकदा लोंबणाऱ्या तारेकडं बघितलं, एकदा काळ्या पडलेल्या गवताकडं. शिडीवरची माती हातानं झटकली आणि शिडीवरच मांडी घालून बसले.

"सावकाश होऊ द्या दाजी," बाबा अगदी अदबीनं म्हणाले. "आम्ही बसलोय."

चुलता बांध ओलांडून आला आणि शिडीच्या दुसऱ्या टोकाला बसला.