गाडीचा डावा डोळा

सकाळीच देवकाबाईच्या दारात सगळं गाव लोटलं होतं, आणि जो तो वाकून भूपेंद्रच्या व्हॅनचा डावा डोळा पाहत होता. म्हणजे समोरचा डावा इंडिकेटर. लावला रे लावला की तो घाबरलेल्या माणसाच्या पापणीसारखा फडफडत सुटायचा. उजवा मात्र सावकाश, सभ्यपणे मिचकायचा.

"गाडीचा डावा डोळा लवून राहिला," कोणीतरी म्हणालं, आणि झालं! पुरुषाचा डावा डोळा लवला तर वाईट, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईचा लवला तर शुभ, असं एकीनं काढलं, तेव्हा व्हॅन बाई की पुरुष यावरही चर्चा झाली. चालवणारा भूपेंद्र, म्हणून व्हॅन पुरुष ठरली.

याच व्हॅनमधून देवकाबाई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गोंदियाला निघाली होती. एक डोळा केव्हाच गेलेला, दुसऱ्यातला मोतीबिंदू पिकलेला, आणि शिबिराचा आज शेवटचा दिवस. पण तिचा मुलगा खुशाल दारात आडवा उभा होता.

"नाही पाठवत मी मायले. रस्त्यात काही झालं त?"

खुशालनं बोलावलेले दुलीचंद महाराज आले. कोहमाऱ्याजवळ त्यांचा मठ आहे. त्यांनी बोनेटला कान लावला आणि डोळे मिटले.

"बेटा, इसमें आत्मा है! कोहमाऱ्याच्या चौकात मेलेला ड्रायव्हर. बिचाऱ्याचं डावीकडे वळायचं राहून गेलं!"

लोक हळहळले. महाराज व्हॅनमध्ये बसले, स्टिअरिंगवर शाल पसरली, कारण मंत्र उघड्यावर म्हणत नाहीत. "सबकी नजर डाव्या डोळ्यावर!" असं बजावून त्यांनी ह्रीं-क्रीं सुरू केलं, आणि खरोखरच फडफड थांबली. दिवा शांतपणे मिचकू लागला. माझेही हात जुळायला निघाले होते, पण शेजारी बायको उभी होती.

माझी बायको अल्का हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्यामुळे आमच्या घरात मला कशावरही विश्वास ठेवायची मुभा नाही.

"आत्मा बांधला आहे," महाराज म्हणाले. "पण अमावास्येपर्यंत गाडी मठात उभी राहील. कधीमधी मी चालवून पाहीन."

महाराजांची मोटारसायकल महिनाभर बंद होती, हे इथं सांगायला हवं.

अल्का मात्र डावीकडे पाहतच नव्हती. वळसा घालून ती पलीकडे गेली. "महाराज, हा उजवा काऊन मिचकून राहिला जी? त्याच्यात कोण मेलं?"

सगळे उजवीकडे धावले. उजवाही मिचकत होता! अल्कानं दार उघडून शाल उचलली. खाली लाल त्रिकोणाचं बटण दाबलेलं.

"गाडी बंद पडली की हे दाबतात. सगळे इंडिकेटर एकदम लागतात, अन् वेग नेहमीसारखा होतो."

"ये तो शक्ती का संतुलन है," महाराज पुटपुटले.

"भूपेंद्र, डाव्या दिव्यात काय बसवलं?"

"एलईडी हाय ना जी. जुना बल्ब उडाला होता. दुकानदार म्हणे, चमक पाहा."

अल्कानं ते बटण बंद केलं आणि त्याला तो एलईडी उजवीकडे आणि उजवीकडचा साधा बल्ब डावीकडे लावायला सांगितला. लगेच उजवा फडफडू लागला, डावा शहाणा झाला.

"उजवा लवला! शुभ!" लोक ओरडले. खुशालनं स्वतः आईची पिशवी उचलली. "चाल माय, बस."

"राहू दे आता," मी अल्काच्या कानात म्हणालो. "म्हातारी निघाली ना?"

"आज उजव्यावर बसली, उद्या डाव्यावर उतरेल," ती म्हणाली. "खुशालभाऊ, एलईडी गेला तिकडे भूत गेलं. आत दिवे मिचकवणारा फ्लॅशर असतो, त्याले फक्त करंट समजतो. बल्ब उडाला की करंट घटतो, अन् ड्रायव्हरले कळावं म्हणून तो भराभर मिचकावतो. एलईडी मुळातच कमी करंट घेतो, त्याले वाटते बल्ब उडाला. साधा बल्ब लावा, नाही त करंट वाढवणारा रेझिस्टर जोडा. उतारा नको." मग तिनं तो एलईडी पुन्हा डावीकडेच बसवायला लावला. डावा डोळा फडफडू लागला. "आता पाठवता?"

खुशालनं पिशवी पुन्हा खाली ठेवली. तेव्हा ओट्यावरून देवकाबाई बोलली.

"सकाळपासून सारं गाव गाडीचा डोळा पाहून राहिलं. माहा डोळा कोणी पाह्यला का बाप्पा?"

खुशालची मान खाली गेली. त्यानं आईचा हात धरला आणि तिला व्हॅनमध्ये बसवलं. कोपऱ्यावर व्हॅन डावीकडे वळली, तो डोळा बेफाम फडफडवत, आणि गोंदियाला सुखरूप पोचली.

पट्टी निघाल्यावर देवकाबाईनं आधी खुशालचं तोंड पाहिलं. "किती वाळला रे तू," म्हणाली, आणि दोघंही रडली.

वाचकहो, दिवा बिघडला तर गाडी उघडून पाहा, डोळा बिघडला तर डॉक्टर गाठा. आणि कोणी हात उंचावून "सगळे इकडे पाहा" म्हणाला, तर कृपा करून एकानं तरी पलीकडे जाऊन पाहावं.