झोपेची पाळी

बुधवारी सकाळी दहाला झोपेची पाळी संपली आणि सावळाराम उठला नाही.

त्याची बायको रंगूबाईने त्याला हलवलं, चिमटे काढले, तोंडावर पाणी मारलं. श्वास चालू होता, अंग गरम होतं, पापणी हलत नव्हती. सोळा दिवसांत हे लक्षण सगळ्यांच्या ओळखीचं झालं होतं. ज्यांना शांततेत झोप लागली ते असेच पडून राहिले होते. शेलार गावच्या शाळेत अशी एकेचाळीस माणसं ओळीने ठेवली होती. शेजारच्या वळ गावातल्या गोदामांत किती होती, त्याचा नक्की आकडा कोणाकडे नव्हता. नंतर कितीही आवाज केला तरी त्यांतलं कोणी उठलं नव्हतं. असं का होतंय, ते कोणाला सांगता येत नव्हतं. कापड विणणाऱ्या लूमच्या आवाजात झोपलेली माणसं मात्र उठतात, एवढं कळलं होतं.

म्हणून भूपेशने गावाबाहेरचा आपला चोवीस लूमचा कारखाना झोपायला उघडून दिला. सूत संपलं तेव्हा त्याने लूम रिकामे चालवले. एका पाळीत चाळीस माणसं, सहा तास, लूममधल्या गल्ल्यांत. एकदा झोपलं की पुढचा नंबर दोन दिवसांनी.

सावळाराम इथला जॉबर, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. चौतीस वर्षं तो हेच काम करत होता. या सोळा दिवसांत त्याने पाळी घेतलीच नव्हती. लूमला पाठ लावून बसल्या बसल्या डुलकी काढायची आणि पुन्हा पाना घेऊन उठायचं, असं चाललं होतं. मंगळवारी त्याच्या हातातून पाना दोनदा पडला. तेव्हा रंगूबाईने घरून कापसाची गादी आणली आणि पहाटेच्या पाळीला त्याला बळेच आडवं केलं.

पुढची पाळी आत निजली होती. रंगूबाई, भूपेश आणि इसरार बाहेर ओट्यावर आले, कारण आत बोलून उपयोग नव्हता.

“चोवीस लूम चालू असताना असं होईलच कसं?” भूपेश म्हणाला.

“चाचा को सुनाई नहीं देता,” इसरार म्हणाला. तो इथे वीस वर्षं लूम चालवत होता.

“कमी येतं. मला म्हाईत हाय,” रंगूबाई म्हणाली.

“कम नहीं, काकी. बिलकुल नहीं. आठ-दस साल हो गए.”

कारखान्यात तोंडाने कोणी बोलतच नाही. बोटं, भुवया आणि ओठ यांवर सगळं चालतं. तिथे बहिरा कोण आणि ऐकणारा कोण, हे कळायला मार्गच नव्हता. घरी सावळाराम आधीपासूनच कमी बोलायचा. लूमचा बिघाड तो हाताने ओळखायचा, झोपेत आवाज त्याच्यापर्यंत पाठीतून पोचायचा, आणि त्या पाठीखाली रंगूबाईने चार बोटं जाड कापूस घातला होता.

रंगूबाईने आत जाऊन गादी ओढली. तिघांनी मिळून सावळारामला उघड्या लादीवर ठेवलं. अर्धा तास गेला. लादीची थरथर बदलली तर जाग येईल म्हणून शेजारचे चार लूम बंद करून पाहिले. काही नाही.

“लाइट जाती थी तो सबसे पहले चाचा उठते थे,” इसरार बाहेर येऊन म्हणाला. “सब बंद करके देखना पड़ेगा.”

सगळे बंद करायचे, तर आधी आतल्या चाळीस जणांना उठवायला हवं.

“काकी, मी नाही कोणाला उठायला सांगणार,” भूपेश म्हणाला. “तुम्हीच सांगा.”

रंगूबाई गल्लीगल्लीतून फिरली. एकेकाचे पाय हलवून तिने खुणेने दाराकडे बोट दाखवलं. एकाने शिवी दिली, ती तिने ओठांवर वाचली. दोन बायका न बोलता उठल्या. सगळ्यांत शेवटी बुधा होता. तो डोंगरावरच्या पाड्यातला, वळच्या गोदामात हमाली करणारा, बरोबर म्हातारी आई. आईला पाठीवर घेऊन तो ओट्यावर आला.

“म्हातारी आताच निजली होती. दोन दिसांनी,” तो म्हणाला. “एका मानसासाठी चाळीस जणांची झोप मोडता, बाय?”

“हो. मोडते.”

“आन् न्हाय उठला तर?”

“तर त्याला शालंत नेऊन ठेवीन. मंग तू शिव्या दे, मी ऐकीन.”

बुधाने आईला पाठीवर नीट घेतलं. “तुमी कवा निजल्या?”

“सोमवारी.”

तो आईला घेऊन बाकीच्यांत जाऊन उभा राहिला.

अकरा चाळीसला भूपेशने मेन स्विच खाली ओढला. लूम एकेक करून थांबले. मागच्या शेतातला पाण्याचा पंप ऐकू यायला लागला, तोही पलीकडच्या कोणीतरी बंद केला. चाळीस माणसं ओट्यावर उभी होती आणि एकमेकांना कोपरं मारत होती. बसायचं नाही, असं भूपेशने बजावलं होतं.

रंगूबाई सावळारामच्या उशाशी बसली होती. एक मिनिट झालं. दोन झाली. तिसऱ्या मिनिटाला बुधाच्या आईची मान त्याच्या खांद्यावर पडली. बुधाने तिच्या गालावर चापट मारली, मग जोरात मारली. म्हातारीने डोळे उघडले आणि पुन्हा मिटले.

“काकी, चालू करू?” भूपेशने विचारलं.

रंगूबाईने दारातून म्हातारीकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या तोंडाकडे.

“कर.”

स्विच वर गेला. इसरारने पहिला लूम चालू केला, दुसरा केला. तिसरा चालू झाला तसा सावळाराम कोपरावर उठून बसला आणि बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात म्हणाला, “बेल्ट सैल हाय त्याचा. कोणी चालू केला?”

रंगूबाईने दोन्ही हात तोंडावर दाबले. सावळारामने खुणेने विचारलं, काय झालं. तिने नुसती मान हलवली.

माणसं आत आली. म्हातारीने पुन्हा डोळे उघडले होते; बुधाने तिला तिच्या जागेवर टेकवलं आणि तो सावळारामपुढे उभा राहिला. “काका, पुढच्या टायमाला आमाला आधी विचारून निजा.”

सावळारामने ओठ वाचले. “तू परवा घोरत होतास.”

“तुमाला कुठं ऐकू येतं?”

“लादी हालते.”

बुधा दमून हसला आणि आडवा झाला.

मोडलेली झोप भरून काढायला ही पाळी दीड तास वाढवायची, असं भूपेशने ठरवलं. फाटकाबाहेर पुढचे चाळीस जण उन्हात आधीच येऊन उभे होते. त्यांना हे सांगायला रंगूबाई स्वतः गेली.